जास्वंद किडीने नाही, फवाऱ्याने करपलीय

पत्र:

नमस्कार ताई, गेल्या महिन्यापासून माझ्या जास्वंदींवर पांढरं कापसासारखं काहीतरी चिकटलंय, पानं चिकट झालीत आणि खोडावर मुंग्यांची रांग लागलीय. केमिकल नको म्हणून घरीच स्प्रे बनवला. कडुनिंबाचं तेल, भांडी घासायचं लिक्विड, थोडं व्हिनेगर आणि मिरची-लसणाचं पाणी, सगळं अंदाजाने. तीन दिवस रोज दुपारी मारलं. आता पानांच्या कडा करपल्यात, कळ्या गळतायत, मारताना माझे डोळे चुरचुरले ते वेगळंच, आणि ते पांढरं आहे तिथेच आहे! सगळं नैसर्गिक असून असं कसं झालं? परत मारू का? ओळखीच्या एकांनी तंबाखूचं पाणी मारायला सांगितलंय. घरात अडीच वर्षांची मुलगी आहे, आणि मांजर त्याच झुडपांखाली लोळत असतं. – जास्वंदवाली

उत्तर:

अहो जास्वंदवाल्या ताई, आधी शेवटच्या प्रश्नाचं उत्तर देते कारण ते थांबण्यासारखं नाहीये. तंबाखूचं पाणी अजिबात नको. बनवून ठेवलं असेल तर मुलीचा हात पोचणार नाही अशा ठिकाणी उचलून ठेवा, आत्ताच, मग पुढचं वाचा. तंबाखूत निकोटीन असतं आणि ते पोटातूनच अंगात जातं असं नाही, कातडीतूनही जातं. तंबाखूच्या शेतात ओली पानं तोडणाऱ्या लोकांना नुसत्या हाताळण्याने मळमळ, उलट्या, चक्कर असा त्रास होतो आणि तो चांगला ओळखीचा आजार आहे. तुम्ही ते उकळून, गाळून, बारीक तुषारात हवेत उडवणार, वर मुलगी आणि मांजर तिथेच. शिवाय तंबाखूतून एक विषाणू टोमॅटो, मिरची, पिटुनियासारख्या झाडांवर जाऊ शकतो आणि तो एकदा लागला की त्याला औषध नाही. कित्येक देशांनी बागेसाठीची निकोटीनची औषधं बाजारातून काढून टाकलीत, आणि लोक अजून घरी बनवून एकमेकांना रेसिपी देतायत, काय बोलायचं!

आता तुमचा मुख्य प्रश्न, सगळं झाडापासून आलेलं असून करपलं कसं. त्याचं असंय की तुमच्या बाटलीतली प्रत्येक वस्तू पानावर काहीतरी वेगळं करत होती आणि तुम्ही त्या सगळ्या एकत्र, भर दुपारी, तीन दिवस सलग मारल्या. तेलाचा थर पानावरच्या बारीक छिद्रांवर बसतो, त्या छिद्रांतून पान पाण्याची वाफ सोडून स्वतःला गार ठेवत असतं, ती दुपारी बुजली की पान तापतं. भांड्यांचं लिक्विड हा खरं तर साबण नसतोच, तो डिटर्जंट असतो आणि तेलकटपणा काढणं हेच त्याचं काम, त्यामुळे पानावरचा मेणासारखा थरही तो सोडत नाही. आणि तो थर गेला की व्हिनेगरला रान मोकळं. घरातल्या व्हिनेगरमध्ये साधारण ५ टक्के अॅसिटिक अॅसिड असतं, त्याहून कडक व्हिनेगर लोक तण जाळायला वापरतात, म्हणजे तुम्ही झाड वाचवायला तणनाशकाचा धाकटा भाऊ वापरलात. बरं, त्या लिक्विडच्या जागी खरा साबण असता तरी व्हिनेगरने तो फाटला असता आणि त्याचा उपयोगच संपला असता. म्हणून कुठल्याही स्प्रेमध्ये व्हिनेगर नको, मीठ तर मुळीच नको, कुणी कितीही छातीठोकपणे सांगू दे.

तेव्हा आता परत मारू नका. निदान दोन आठवडे काहीही नाही. संध्याकाळी झुडपं साध्या पाण्याने नीट धुऊन काढा, पानांच्या वरून आणि खालून. करपलेली कड परत हिरवी होणार नाही, पण अर्धं हिरवं असलेलं पान अजून काम करतंय, ते तोडू नका, पूर्ण वाळलेलं असेल तेवढंच काढा. खत घालायचा मोह होईल तोही आवरा, कारण नत्राचं खत घातलं की लुसलुशीत कोवळे शेंडे फुटतात आणि रस शोषणाऱ्या किडीला अगदी तेच हवं असतं. पाणी मातीत बोट घालून बघून द्या. मुळं शाबूत असतील तर जास्वंद सहसा परत फुटते, चिवट झाड आहे.

ते पांढरं का गेलं नाही ते बघू. कापसासारखं, चिकट पानं, मुंग्या, या वर्णनावरून तो मिलीबग दिसतोय, ज्याला आपण पिठ्या ढेकूण म्हणतो. पान आणि देठ जिथे जुळतात त्या बेचक्यात बघा, कळीच्या खालच्या हिरव्या पाकळ्यांच्या आत बघा, तिथे तो बसतो. त्याच्या अंगावर मेणाची पांढरी पूड असते, म्हणजे तो कायम रेनकोट घालूनच बसलेला असतो, वरून फवारलेलं पाणी थेंब होऊन घरंगळून जातं. मादी कापसासारख्या पिशवीत शेकड्यांनी अंडी घालते आणि त्या पिशवीच्या आतही स्प्रे पोचत नाही. स्प्रे लागू पडतो तो अंड्यातून नुकत्या निघालेल्या बारीक पिल्लांना, कारण त्यांच्या अंगावर अजून मेण चढलेलं नसतं, आणि ती सगळी एकाच दिवशी बाहेर येत नाहीत. म्हणून रोज तीन दिवस मारण्यापेक्षा आठवड्याच्या अंतराने तीनदा मारलेलं जास्त कामाला येतं.

पण थांबा, मारायच्या आधी एक गोष्ट अगदी जवळून बघा, शक्य असेल तर भिंग घेऊन. त्या पांढऱ्या ढेकणांमध्ये एखादा जरा मोठा, झुपकेदार, अंगावर लांब पांढरे धागे लोंबणारा दिसला तर काडीने हलकेच डिवचा. मिलीबग जागचा फारसा हलत नाही, हललाच तर रेंगाळत. आणि हा जर चटचट चालायला लागला तर तो बहुतेक क्रिप्टोलीमस नावाच्या लेडीबर्डची अळी असेल, म्हणजे मिलीबग खाणारी! दिसते हुबेहूब मिलीबगसारखी, आणि त्यामुळेच लोक कीड समजून तिलाच आधी चिरडतात. हा ढालकिडा मूळचा ऑस्ट्रेलियातला, मिलीबगवर सोडायला म्हणून मुद्दाम देशोदेशी नेलेला. अशा चार-पाच अळ्या दिसल्या तर त्या झुडपावर काहीच मारू नका, त्यांना जेवू द्या. नेहमीच्या लेडीबर्डच्या अळ्याही अशाच फसवतात, काळ्या-केशरी, लांबुडक्या, खरबरीत, बघून कुणालाही वाटेल की हीच कीड. कडुनिंब असो की साबण, अंगावर पडला की तो मित्र-शत्रू बघत नाही, नाजूक अळी असेल तर तीही जाते.

मुंग्यांचं काय ते सांगते, कारण बहुतेकजण त्यांच्याकडे काणाडोळा करतात. मिलीबग आणि मावा रस पितात आणि जास्तीची साखर चिकट थेंबांच्या रूपात बाहेर टाकतात. तुमची पानं चिकट झालीत ती त्यानेच, आणि पुढे त्यावर काजळीसारखी काळी बुरशी धरते. मुंग्या त्या गोड थेंबांसाठी येतात आणि बदल्यात किडीची राखण करतात, लेडीबर्ड आली की तिला हुसकावतात, शिवाय किडीला उचलून नव्या शेंड्यावर नेऊनही ठेवतात. मुंग्यांची वाट बंद केली तर अर्धं काम होतं. खोडाला कागदाची किंवा कापडी पट्टी गुंडाळून त्यावर चिकट पदार्थ लावा, थेट सालीवर लावू नका. आणि झुडपाची फांदी भिंतीला किंवा कुंपणाला टेकलेली असेल तर छाटा, नाहीतर मुंग्या खोड सोडून तिथून येतील.

मिलीबग थोडा असेल तर स्प्रेची गरजच नाही. कापसाचा बोळा किंवा कान साफ करायची काडी ७० टक्के रबिंग अल्कोहोलमध्ये बुडवून नेमकी किडीला लावायची, पानावर फासायची नाही. मेण विरघळतं आणि कीड लगेच तपकिरी पडते, बघायला बरं वाटतं खरं सांगायचं तर. जवळ ज्योत, सिगारेट, गॅस काही नको कारण अल्कोहोल पेट घेतं, आणि आधी एका पानावर लावून बघा. जो शेंडा पूर्ण पांढरा झालाय तो कापा, पिशवीत बांधून कचऱ्यात टाका, कंपोस्टमध्ये नको. मावा असेल तर अजून सोपं, पाण्याचा जोरदार फवारा पानाच्या खालून मारायचा, खाली पडलेला मावा बहुतेक वर चढून येत नाही. हे दोन-तीन दिवसांनी परत करायचं, बस्स. लाल कोळ्यावरही पाण्याचा बरा उपयोग होतो, त्याला कोरडी धुळकट पानं आवडतात.

एवढं करूनही कीड राहिली तर स्प्रे. आणि मग एका वेळी एकच. माझं मत विचाराल तर घरच्या झुडपांना साबणाचं पाणी आणि कडुनिंबाचं तेल या दोघांपलीकडे फार काही लागत नाही, बाकीच्या रेसिपी बघायला छान असतात.

साबण म्हणजे झाडांसाठी मिळतो तो पोटॅशियमचा इन्सेक्टिसाइडल सोप, पाण्यात १ ते २ टक्के, म्हणजे लिटरला १० ते २० मिली, आणि लेबलवर वेगळं लिहिलं असेल तर लेबल खरं. तो किडीच्या अंगावर पडला तरच मारतो आणि ओला असेपर्यंतच मारतो, वाळला की संपला. त्यामुळे पानाच्या पाठीमागे नीट भिजवलं नाही तर तुम्ही नुसती पानं धुतलीत असं समजा. पाणी जड असेल, म्हणजे बादलीला पांढरे डाग पडत असतील, तर साबण त्या क्षारांनाच चिकटतो आणि कीड मजेत राहते, तिथे साठवलेलं पावसाचं पाणी वापरा.

कडुनिंबाच्या तेलाचं काम वेगळं आहे आणि ते कळलं असतं तर तुम्ही तीन दिवस सलग मारलंच नसतं. त्यातला अझाडिरॅक्टिन नावाचा घटक कीड जागच्या जागी मारत नाही, तो तिचं खाणं कमी करतो आणि कात टाकण्याची प्रक्रिया बिघडवतो, म्हणजे पिल्लू मोठं होताना अडकतं. याला दिवस लागतात. दुसऱ्या दिवशी कीड फिरताना दिसली म्हणून औषध फुकट गेलं असं नसतं, पण आपल्याला वाटतं काही झालंच नाही आणि आपण परत पंप उचलतो. सात ते दहा दिवसांनी दुसरी फवारणी, तोपर्यंत हात मागे बांधून बसायचं.

प्रमाण, १ लिटर कोमट पाण्याला ५ मिली तेल आणि १ ते २ मिली तोच झाडांचा साबण. आधी साबण आणि तेल एकत्र चांगलं घोटा, मग थोडं थोडं पाणी घालत हलवा, पांढरट दुधाळ व्हायला हवं. वर तेलाचे गोल तरंगत असतील तर मिसळलेलं नाहीये, आणि तसंच मारलं तर पहिल्या पानावर नुसतं पाणी आणि शेवटच्या पानावर नुसतं तेल पडतं, मग ते शेवटचं पान करपतं. मारतानाही बाटली मधूनमधून हलवत राहा. बनवलेलं त्याच दिवशी संपवा, पाण्यात मिसळल्यावर त्यातला कामाचा घटक काही तासांतच कमी व्हायला लागतो. अंदाजाने डबल घालू नका, डबल घातल्याने कीड डबल मरत नाही. आणि बाजारातलं तयार निंबोळी औषध असेल तर त्यावर किती पीपीएम, म्हणजे त्यात अझाडिरॅक्टिन किती, ते लिहिलेलं असतं, ते प्रत्येकाचं वेगळं, म्हणून तिथे माझं प्रमाण विसरा आणि लेबलवरचं घ्या.

पहिल्यांदा कुठलंही मिश्रण पूर्ण झुडपावर मारायचं नाही. एका फांदीची चार-पाच पानं, त्यात एक कोवळं एक जून, आणि ४८ तास वाट. काही डाग नाही, मग बाकीचं. फर्न आणि सक्युलंट असतील शेजारी तर त्यांच्यावर तुषारही जाऊ देऊ नका, सक्युलंटच्या पानावरची ती निळसर पावडर एकदा गेली की त्या पानावर परत येत नाही. पाणी कमी पडून मान टाकलेल्या झाडावरही नाही, आधी पाणी द्या, दुसऱ्या दिवशी मारा. आणि भुरीसाठी गंधक मारलं असेल तर त्यानंतर निदान दोन आठवडे तेलाचा कुठलाही स्प्रे नको, दोन्ही मिळून पानं भाजतात.

वेळ संध्याकाळची, ऊन गेल्यावर. पारा ३० च्या वर असेल तर पुढे ढकला. सकाळ की संध्याकाळ यावर लोक तावातावाने भांडतात, सकाळी लवकर मारलेलंही चालतं जर उन्हाआधी वाळणार असेल तर, पण मला संध्याकाळ बरी वाटते कारण मधमाशा घरी गेलेल्या असतात, शिवाय कडुनिंबाचा घटक उन्हाने लवकर मोडतो. फुलांवर मारायचंच नाही, कीड फुलात कमी आणि पानामागे जास्त असते. वारा नको. अंगणात माशांची टाकी किंवा छोटं तळं असेल तर झाका, साबण आणि तेल पाण्यातल्या जिवांना मानवत नाहीत. आणि झाडापासूनचं एवढ्यावर विसंबू नका, शेवंतीच्या कुळातल्या फुलांपासून पायरेथ्रम निघतं, शंभर टक्के फुलांचं, पण मधमाशांना आणि पाण्यातल्या माशांना ते जबर विषारी.

आता तुमचे डोळे. मिरचीचं पाणी बारीक तुषारात उडवलं की ते पानावर कमी आणि आपल्या तोंडावर जास्त येतं, पोलिसांच्या पेपर स्प्रेमध्येही मिरचीतलाच तिखट घटक असतो. ते यादीतून काढूनच टाका, मिलीबगच्या मेणापुढे त्याचं फार चालत नाही. कुठलाही स्प्रे मारताना पूर्ण बाह्या, हातमोजे, गॉगल, वारा पाठीशी, आणि स्वतःच्या डोक्याच्या वर नोझल करून मारायचं नाही, उंच फांदी असेल तर वाकवून घ्या. डोळ्यात गेलंच तर चोळू नका, कॉन्टॅक्ट लेन्स असेल तर काढा, साध्या पाण्याची हलकी धार धरून १५ ते २० मिनिटं धुवा, घड्याळ लावून, कारण दोन मिनिटं झाली की आपल्याला वाटतं झालं. आणि तुमचे डोळे अजूनही लाल असतील, दुखत असतील किंवा धूसर दिसत असेल तर आजच डॉक्टरांना दाखवा.

मुलीबद्दल थोडं कडक बोलते. कडुनिंबाचं तेल झाडाला लावायचं औषध आहे, लहान मुलांच्या पोटात जाण्याची वस्तू नाही. लहान मुलांना ते पाजल्यावर उलट्या, गुंगी, झटके येऊन जीवावर बेतल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत, आणि तेही थोड्याशा मिलीलिटरमध्ये. म्हणून तेलाची बाटली कुलपात. उरलेलं मिश्रण पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत कधीही भरून ठेवू नका, दुधाळ दिसतं ते, मुलांना काय कळणार. स्प्रेच्या बाटलीवर मोठ्या अक्षरात नाव आणि तारीख लिहा. चुकून प्यायलीच तर उलटी करवू नका, बाटली सोबत घेऊन थेट डॉक्टरांकडे. मारल्यावर पानं पूर्ण वाळेपर्यंत तिला तिकडे सोडायचं नाही, आणि ती पानं तोंडात घालायच्या वयात आहे तर वाळल्यावरही लक्ष हवं. बरं, तुमच्या कुंपणाला कण्हेर तर नाही ना? असेल तर स्प्रेपेक्षा ती जास्त काळजीची, तिचं पान, फूल, देठ सगळं विषारी आहे, मुलगी मोठी होईपर्यंत तरी ती मुलीच्या हाताला लागणार नाही असं बघा.

मांजराचा प्रॉब्लेम वेगळा, ते अंग चाटतं. अंगावर जे पडेल ते पोटात जाणार हे धरूनच चाला. फवारणीच्या संध्याकाळी त्याला घरात कोंडा, ओरडेल, ओरडू दे, सकाळी सोडा. लसूण मांजराला बाधतो, म्हणून ते लसणाचं पाणीही बंद. आणि कुणी टी ट्री ऑइल किंवा तसलं सुगंधी तेल घालायला सांगितलं तर तेही नको, मांजराचं लिव्हर अशा तेलांचा निचरा नीट करू शकत नाही. तुमच्या आधीच्या फवारणीनंतर ते सुस्त पडलंय, लाळ गाळतंय, खात नाहीये असं काही असेल तर व्हेटला दाखवा, आणि बाटलीत काय काय घातलं होतं ते सगळं सांगा.

आता त्या जुन्या मिश्रणाचं जे उरलंय ते दुसऱ्या झाडांवर संपवायला जाऊ नका. पावसाच्या पाण्याच्या गटारात किंवा तळ्याकडे जाणाऱ्या नालीतही ओतू नका. बाटलीभरच असेल तर भरपूर पाणी घालून घरातल्या सांडपाण्याच्या मोरीत सोडा, आणि पंप, नोझल साबणाने दोन-तीनदा धुऊन घ्या, नाहीतर पुढच्या वेळी चांगल्या मिश्रणातही व्हिनेगर येईल. तंबाखूचं पाणी केलं असेल तर ते मात्र असं ओतू नका, झाकण घट्ट लावून, नाव लिहून घातक कचऱ्यात द्या.

दोन आठवड्यांनी नवे शेंडे फुटले की त्यातलं एक पान उलटं करून, जवळून फोटो काढून पाठवा, आणि बेचक्यातलं ते पांढरं डिवचल्यावर चालतं की नाही तेही लिहा. चालत असेल तर साबणाची बाटली उघडूच नका.